मधला नकाशा कोण काढणार?

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून साधारण 3 मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर भरदुपारीही दिवा लावावा लागतो. वरून पडणारा कचरा दोन इमारतींमधल्या बोळात साचतो आणि त्याच्या वासाने खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात. नटवर पारेख, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या गोवंडी-मानखुर्दच्या तीन पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यास केला. घरात पोहोचणारा उजेड-वारा आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात स्पष्टपणे मांडला गेला.

आता हे 3 मीटर नकाशावर शोधायला जा. विभागाचा नकाशा 1:5000 प्रमाणात काढला तर ते 0.6 मिलिमीटर भरतात. म्हणजे 0.5 च्या पेन्सिलीची एक रेघ. नियोजनकाराच्या कागदावर तो बोळ दिसतच नाही. दुसरीकडे, इमारतीच्या 1:100 च्या नकाशात तेच अंतर चांगलं 3 सेंटिमीटर असतं, पण तो नकाशा एकाच इमारतीचा असतो. भिंतीबाहेर सामासिक अंतराचा (इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचा) आकडा लिहिला की आर्किटेक्टचं काम झालं. पलीकडच्या इमारतीची खिडकी त्या कागदावर नसते. एकाच्या नकाशात बोळ मावत नाही आणि दुसऱ्याच्या नकाशात शेजारी मावत नाही.

या दोन नकाशांच्या मधला, 1:1000 ते 1:500 चा नकाशा काढणं म्हणजे अर्बन डिझाइन. मुंबईची बहुतेक दुखणी याच प्रमाणात आहेत: फुटपाथ, स्टेशनबाहेरचा चौक, चाळींमधलं अंगण, पार्किंगच्या मजल्यांच्या पोडियमची आंधळी भिंत, नाल्याकाठची वाट. आणि नेमका हाच नकाशा काढायला आपण कुणाला पुरेसं शिकवत नाही. वास्तुकलेचं पदव्युत्तर शिक्षण एकीकडे, नगररचनेचं दुसरीकडे, दोन वेगळ्या नियामकांखाली, दोन वेगळ्या इमारतींत. मुंबईत या दोन पदव्या अर्बन डिझाइनच्या सांध्याने जोडून तीन वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तो कसा असावा आणि कुठे फसेल, हेही सांगतो.

या शहराला ही जोडणी नवीन नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचा एक नियम होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. खिडकी असलेल्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांची तिरकी रेघ वर काढायची आणि समोरच्या इमारतीने ती रेघ ओलांडायची नाही. या कोनाची स्पर्शज्या जवळजवळ 2 येते, म्हणजे इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मं अंतर मोकळं. 24 मीटर उंचीला 12 मीटर. हाच हिशेब उलटा करून नटवर पारेखला लावा: 3 मीटरच्या बोळाला 6 मीटर उंची, म्हणजे दोन मजले. प्रत्यक्षातल्या 21 ते 24 मीटर उंचीला तिथला कोन 82-83 अंशांवर जातो. खालच्या घरातून आभाळ बघायचं तर खिडकीला गाल टेकवून मान वर करावी लागेल.

या नियमाची गंमत अशी की तो एकाच वेळी घराचा नियम आहे आणि गल्लीचाही. ट्रस्टने दादर-माटुंग्याला रस्ते आखले, प्लॉट पाडले आणि भाडेपट्ट्याच्या अटींतून इमारत कशी असेल तेही ठरवलं. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि पाच उद्यानांचा परिसर त्यातून उभा राहिला. आज तिथे पावसाळ्यात झाडांच्या कमानीखालून चालताना जे बरं वाटतं, त्यामागे हा कोन आहे. (ट्रस्टने गरिबांची जेवढी घरं पाडली तेवढी बांधली नाहीत, हेही खरंच. चांगल्या मोजमापाने न्याय आपोआप होत नाही.)

पुढे 1915 मध्ये बॉम्बे टाउन प्लॅनिंग ॲक्ट आला. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना त्याचे पहिले प्राध्यापक केलं. घर, गल्ली आणि समाज एकत्र वाचायचा आग्रह धरणारा माणूस याच शहरात शिकवत होता. तो धागा पुढे तुटला. गेडिस यांच्या खुर्चीतून समाजशास्त्र मोठं झालं, नगररचना सरकारी खात्यात गेली आणि वास्तुकला सर जे. जे. महाविद्यालयात (जेजेत) राहिली.

परदेशात हा सांधा मुद्दाम घडवला गेला. 1956 मध्ये हार्वर्डमध्ये वास्तुरचनाकार होसे लुई सर्ट यांनी अर्बन डिझाइनवर परिषद भरवली आणि 1960 मध्ये तिथे त्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. बर्कलेमध्ये 1959 मध्ये वास्तुकला, लँडस्केप आणि नगररचना एका महाविद्यालयाच्या छताखाली आली. आज तिथे वास्तुकला आणि नगररचना या दोन पदव्युत्तर पदव्या एकत्र करता येतात. आपल्याकडे दिल्लीत 1955 मध्ये सुरू झालेली नगररचनेची शाळा 1959 मध्ये वास्तुकलेच्या विभागाशी जोडली गेली आणि स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर तयार झालं. तरीही एकाच विद्यार्थ्याने दोन्ही पदव्यांचा गाभा एका सलग अभ्यासात पुरा करावा, ही वाट आपण रुळवली नाही.

वाट नसल्याने काय होतं, ते प्रभादेवीत दिसलं.

एक साधा हिशेब मांडू. आकडे कुठल्या एका इमारतीचे नाहीत, पण मध्य मुंबईत नेहमी आढळावेत असे आहेत. गिरणीचा 25,000 चौरस मीटरचा भूखंड आहे, एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम, ते प्रमाण) 4 धरा. म्हणजे 1 लाख चौरस मीटर ऑफिस. माणशी 10 चौरस मीटर धरले तर 10,000 कर्मचारी. त्यांपैकी 6,000 सकाळच्या एका तासात लोकलने येतात. मिनिटाला 100 माणसं. आता जिना. पायऱ्यांवरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण 35 ते 40 माणसं धक्काबुक्कीशिवाय जाऊ शकतात, असं धरायची पद्धत आहे. म्हणजे 3 मीटर रुंद जिन्याची क्षमता 105 ते 120. एका भूखंडावरच्या एकाच इमारतीने स्टेशनचा एक अख्खा जिना खाल्ला, तोही सगळे एकाच दिशेने जात आहेत आणि पाऊस नाही, असं गृहीत धरून. दोन गाड्या एकदम लागल्या आणि 1,000 माणसं उतरली तर तो जिना मोकळा व्हायला आठ-नऊ मिनिटं लागतात. तेवढ्यात पुढच्या गाड्या येतात.

हा हिशेब कोणी करायचा? ऑफिसच्या आर्किटेक्टकडे पार्किंग आहे, अग्निशमन गाडीचं वळण आहे, आगीत आसरा घ्यायचा रेफ्यूज मजला आहे, पर्जन्यजल साठवण आहे. त्याची आयओडी (बांधकामाची पहिली परवानगी) या सगळ्यावर मिळते, स्टेशनच्या जिन्यावर नाही. विकास आराखड्यात स्टेशन म्हणजे रेल्वेच्या रंगाचा एक पट्टा. पुलाची रुंदी रेल्वेचा विषय. प्रत्येकाने आपापलं काम नियमाप्रमाणे केलं तरी हा हिशेब कुणाच्याच टेबलावर येत नाही.

गिरणगावाचं तेच झालं. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. शहरातल्या 58 गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996 मध्ये गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार मांडला होता. महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात एक तृतीयांश वाटणीचं सूत्र 1991 च्या नियमावलीतलं. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू राहिली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मग एकेक भूखंड वेगवेगळा उठला. गिरणीच्या भिंतीच्या जागी काचेची भिंत आली, रस्ता तेवढाच राहिला. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. नवा पूल लष्कराने बांधला, तो फेब्रुवारी 2018 मध्ये खुला झाला. काही महिन्यांत पूल होऊ शकत होता, याचा अर्थ पैसा आणि तंत्रज्ञान यांची अडचण नव्हती. एफएसआय आणि पायरी एका कागदावर आणणारा माणूस नव्हता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: अर्बन डिझाइनचं एम.आर्क. (वास्तुकलेचं पदव्युत्तर शिक्षण) आहे की. आहे, आणि ते चांगलंही आहे. जुहूच्या कमला रहेजा विद्यानिधीमध्ये ते शिकवलं जातं, तिथल्या विद्यार्थ्यांनी मुंबईचे कित्येक भाग घरोघरी फिरून नोंदवले आहेत. पण चार सत्रांत एवढंच मावतं. विद्यार्थी गल्ली वाचायला शिकतो, पण जमिनीचं अर्थशास्त्र, 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याची कलमं, वाहतुकीची मोजणी, पाण्याचा हिशेब यांना एकेक व्याख्यानमाला मिळते. दुसरीकडे देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत नागरी धोरण आहे, पवईला आयआयटीत शहर विज्ञान आणि अभियांत्रिकी केंद्र आहे, फोर्टात जेजे आहे. एका टेबलावर बसायला हवेत ते लोक शहराच्या चार टोकांना बसले आहेत, आणि त्यांच्यामध्ये दीड तासाचा प्रवास आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: एवढं सगळं एकाच डोक्यात कशाला? आर्किटेक्ट, प्लॅनर, इंजिनिअर यांची टीम करा. टीम हवीच. नव्या मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मिळून मांडली. दोन वास्तुरचनाकार आणि एक इंजिनिअर. पण ते तिघंही एकमेकांच्या विषयात बोलू शकत होते. शिरीष पटेल इंजिनिअर असून एफएसआयच्या पलीकडे जाऊन रस्त्यावरच्या आणि मैदानातल्या गर्दीचं माप मांडत राहिले. आज टीम कागदावर बनते आणि माणसं एकामागून एक येतात. सल्लागार एफएसआय ठरवून निघून गेला की आर्किटेक्ट येतो. तोवर बोळाची रुंदी ठरून गेलेली असते.

उलट उदाहरण बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. कोरियांनी 1980 च्या दशकात केलेलं. सात घरं एका 8 मीटर बाय 8 मीटर अंगणाभोवती. असे तीन गट एकत्र येऊन 21 घरांना 12 मीटर बाय 12 मीटरचं मोठं अंगण. पुढे त्याच पद्धतीने वाढत जाणारी वस्ती, हेक्टरी सुमारे 100 घरं. घरांच्या भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या नाहीत, म्हणून एकाला घर वाढवायचं तर दुसऱ्याची परवानगी लागत नाही. संडास मात्र जोडीजोडीने, म्हणजे नळाचा खर्च वाचतो. घनतेचा आकडा हा नगररचनेचा निर्णय, संडासाची भिंत हा वास्तुकलेचा. दोन्ही एकाच हाताने, एकाच वेळी ठरले. हेक्टरी 100 घरांची ही घनता आजच्या मुंबईला परवडणार नाही, हे मान्य. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत हेक्टरी किमान 650 घरांची अट असते. घरटी पाच माणसं धरली तर एका हेक्टरमध्ये 3,250 माणसं. त्यात 1,000 चौरस मीटर मोकळी जागा सुटली तर माणशी 0.3 चौरस मीटर, एका सतरंजीच्या घडीएवढी. आकडा मोठा आहे म्हणूनच बेलापूरला लावलेली कसोटी इथे अधिक कडक लावायला हवी.

तर अभ्यासक्रम. नव्या क्रेडिट पद्धतीत एका सत्राला 20 क्रेडिट, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीला 80. दोन पदव्या वेगवेगळ्या केल्या तर 160 क्रेडिट आणि चार वर्षं. यातले 40 क्रेडिट दोन्हीकडे मोजले जावेत: 12-12 क्रेडिटचे दोन अर्बन डिझाइन स्टुडिओ आणि 16 क्रेडिटचा एकच प्रबंध. उरलेले 40 निव्वळ नगररचनेचे, 40 निव्वळ वास्तुकलेचे. बेरीज 120, म्हणजे सहा सत्रं, तीन वर्षं. सामाईक भाग चाळीसच्या खाली गेला तर ते दोन अभ्यासक्रमांचं गाठोडं होईल. चाळीसच्या फार वर गेला तर दोन्ही बाजू पातळ होतील आणि कोणतीच परिषद मान्यता देणार नाही.

क्रमही महत्त्वाचा. पहिलं वर्ष नगररचनेचं असावं. आर्किटेक्ट पाच वर्षांची बी.आर्क. करून येतो, त्याच्या हातात रेघ आलेली असते. कायदा, जमिनीची किंमत, वाहतूक, संख्याशास्त्र, जीआयएस (संगणकावरचे माहितीनकाशे) हे त्याला नवीन असतं आणि कोऱ्या मनाने ते लवकर शिकता येतं. दुसरं वर्ष सामाईक स्टुडिओंचं. तिसऱ्या वर्षी पुन्हा इमारतीकडे: दुसऱ्या वर्षी आखलेल्या भागातली एक इमारत 1:50 पर्यंत, जिन्याच्या पायरीपर्यंत, डक्टच्या दारापर्यंत उतरवायची. उलटा क्रम ठेवला तर नगररचना शेवटी उरकायचा विषय होऊन बसते.

सामाईक स्टुडिओ हा सगळ्याचा कणा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. सत्र 16 आठवड्यांचं धरा. जागा 8 ते 12 हेक्टर. याहून मोठी घेतली तर विद्यार्थी पुन्हा रंगपट्टे भरायला लागतो. हेक्टरभर घेतली तर एकच इमारत होते. दहा हेक्टर म्हणजे साधारण 316 मीटर लांब-रुंद तुकडा, चार-पाच मिनिटांत आरपार चालून जाण्याएवढा.

पहिले चार आठवडे मोजणी. प्रत्येक भूखंडाचा सिटी सर्व्हे नंबर, मिळकत पत्रिका, मालक कोण, पागडीवाले भाडेकरू किती. दक्षिण-मध्य मुंबईत इमारत उपकरप्राप्त (म्हाडाच्या दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) आहे का, आणि असल्यास अ, ब की क वर्गातली. सप्टेंबर 1940 पूर्वीची इमारत आणि त्यानंतरची इमारत यांच्या पुनर्विकासाची गणितंच वेगळी असतात. फुटपाथची रुंदी दर 10 मीटरवर टेपने मोजायची, आणि खांब, पेटी, टपरी, झाडाचा कठडा वजा करून जी चालण्याजोगी उरते तीही. कागदावरचा 2 मीटरचा फुटपाथ कितीदा 70 सेंटिमीटरवर येतो, हे स्वतः मोजल्याशिवाय अंगात मुरत नाही. दिवसातून तीन वेळा माणसांची गणती. मॅनहोल कुठे, पर्जन्यजलवाहिनी कुठून जाते, पाणी कुठे तुंबतं.

पुढचे दोन आठवडे फक्त आकडेमोड. किती घरं, किती माणसं, किती नोकऱ्या. माणशी रोज 135 लिटर पाणी धरून टाकीचा आकार. शाळेची मुलं. वर मांडला तसा जिन्याचा हिशेब. या दोन आठवड्यांत रेखाटन करायला बंदी असावी. हात सुटला की आकडे चित्रामागे धावायला लागतात. सातव्या ते अकराव्या आठवड्यात आराखडा, 1:1000 आणि 1:500 दोन्हीत, सोबत 1:500 चं पुठ्ठ्याचं मॉडेल. संगणकावरचं चित्र या टप्प्यावर नको. त्यातली झाडं नेहमी पूर्ण वाढलेली असतात आणि गर्दी नेहमी बेताची.

बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात जे करायचं ते आज जवळपास कुठेच होत नाही: नियम लिहायचा. आपला आराखडा प्रत्यक्षात यावा यासाठी विकास नियमावलीत कोणते शब्द लागतील, ते दोन पानांत मराठीत. मग ती दोन पानं दुसऱ्या गटाला द्यायची. त्या गटाचं काम एकच. हा नियम अक्षरशः पाळून जितकी वाईट इमारत बांधता येईल तितकी बांधून दाखवायची. बिल्डरच्या ऑफिसातला कुशल आर्किटेक्ट रोज हेच करतो, आणि त्यात त्याची बदमाशी नसते, नोकरी असते. मुंबईत एके काळी फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये धरत नसत. मग फ्लॉवर बेड वाढत गेले, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाली की भिंत फोडून ते खोलीत घेतले जायचे. शेवटी जानेवारी 2012 मध्ये ही सूट काढून त्याऐवजी फंजिबल एफएसआय (हवा तिथे वापरता येणारा जादा एफएसआय) आणावा लागला, निवासी इमारतींना 35 टक्के. नियम लिहिणाऱ्याने कधी इमारत डिझाइन केली असती तर फ्लॉवर बेडचं पुढे काय होणार हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

हा स्टुडिओ कुठे फसतो? सर्वात आधी वेळापत्रकात. वास्तुकलेचे शिक्षक सोमवारी येतात, नगररचनेचे गुरुवारी. विद्यार्थी दोघांना खूश करणारे दोन वेगळे कागद ठेवतो. दोन्ही शिक्षक एकाच दिवशी, एकाच टेबलावर हवेत, आणि त्यांनी विद्यार्थ्यासमोर एकमेकांशी वाद घालायला हवा. यात मानधन दुप्पट लागतं, आणि पहिली काटछाट तिथेच होते. दुसरी फसगत प्रबंधाची. दोन परिषदांना दोन प्रबंध दाखवायचे म्हणून विद्यार्थ्याकडून दोन अर्धवट प्रबंध करून घेतले जातात. एकच प्रबंध, त्याला दोन्ही बाजूंचे परीक्षक, आणि दोघांनीही पास केलं तरच पास. तिसरी, माहितीची. मिळकत पत्रिका मिळतात, पण पाण्याच्या आणि मलनिःसारणाच्या वाहिन्यांचे नकाशे विद्यार्थ्याला सहज मिळत नाहीत. वॉर्ड ऑफिसशी संस्थेचा लेखी करार आधी झालेला नसेल तर मोजणीचे चार आठवडे अर्ज करण्यातच जातात.

नियामकांचा गुंता खरा आहे. वास्तुकलेचं शिक्षण 1972 च्या वास्तुविशारद कायद्याखालच्या परिषदेकडे आहे. कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या महाविद्यालयाच्या प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत परिषदेचाच शब्द अंतिम असल्याचं सांगितलं. नगररचना एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेकडे आहे, व्यावसायिक मान्यता 1951 पासून असलेल्या नगररचनाकारांच्या संस्थेकडे. म्हणजे एका अभ्यासक्रमाला तीन दारं. पण कुलूप मोडायची गरज नाही. यूजीसीने 2022 मध्ये दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, वर्गांच्या वेळा आपटल्या नाहीत तर. उरतो तो दोन्हीकडे क्रेडिट मोजण्याचा प्रश्न. त्यासाठी दोन नियामकांनी एका परिपत्रकावर सही करायची आहे. जेजेला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, तिथे कला, वास्तुकला आणि डिझाइन एका आवारात आहेत आणि महापालिकेचं मुख्यालय पायी पाच-सात मिनिटांवर. सुरुवात तिथून व्हावी असं मला वाटतं.

बी.प्लॅन. (नगररचनेची पदवी) करून आलेल्यांचं काय? एम.आर्क.ला बी.आर्क. लागते, त्यामुळे त्यांना दुहेरी पदवी मिळणार नाही. पण सामाईक स्टुडिओत त्यांना बसू द्यावं, एकट्या नगररचनेच्या पदवीसाठी. प्रत्येक गटात असा एक तरी असला की आर्किटेक्टांच्या भाषेला लगाम बसतो.

पैशांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. बी.आर्क.ची पाच आणि ही तीन, आठ वर्षं. ‘गेट’ उत्तीर्ण पदव्युत्तर विद्यार्थ्याला एआयसीटीईची 12,400 रुपयांची मासिक शिष्यवृत्ती जास्तीत जास्त 24 महिने मिळते. म्हणजे तिसरं वर्ष कोरडं. विरार-बदलापूरहून येणारं मूल दुसऱ्या वर्षाअखेर नोकरी धरेल, आणि अभ्यासक्रम ज्यांना परवडतो त्यांचाच राहील. मग गोवंडीचा बोळ ज्यांनी राहून पाहिला आहे ते वर्गात नसतील. तिसऱ्या वर्षाचा खर्च महापालिका आणि एमएमआरडीए यांनी उचलावा, आणि बदल्यात विद्यार्थ्याने दोन उन्हाळे, प्रत्येकी आठ आठवडे, वॉर्ड ऑफिसात काम करावं. हा उपकार नाही. सल्लागारांना दिल्या जाणाऱ्या फीच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ असेल.

या दुहेरी पदवीधारकांना काम कुठे? विकास आराखडा 2034 ला मे 2018 मध्ये मंजुरी मिळाली. 2015 चा मसुदा चुकांमुळे मागे घ्यावा लागला होता, त्या चुका बव्हंशी जागेवर जाऊन पाहिलं असतं तर टळणाऱ्या होत्या. आराखडा आहे, नियमावली आहे. पण आराखडा आणि भूखंड यांच्यामधला विभागवार नकाशा प्रत्येक वॉर्डाला लागणार आहे. समूह पुनर्विकासात शहर भागात 4,000 चौरस मीटरचा तुकडा पुरेसा धरला जातो. त्या तुकड्याच्या कडेला दुसरा तुकडा कसा जुळेल, दोघांच्या पोडियममधून पायवाट जाईल का, हे सांगणारा कागद कुणाकडेच नाही. मेट्रो 3 चे जिने रस्त्यावर उघडतात तिथेही हाच प्रश्न आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात रस्ते रुंद आहेत, इमारती देखण्या आहेत, पण प्रत्येकीला कुंपण आहे, आणि संध्याकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं की या दोघांच्या मधली जागा कुणी आखलीच नाही. नगररचना विभागाच्या सेवाप्रवेश नियमांत ही दुहेरी पदवी स्वतंत्रपणे नोंदवली गेली पाहिजे. नाहीतर हे पदवीधर एखाद्या मोठ्या ऑफिसात मास्टर प्लॅनचे रंग भरत बसतील.

पहिल्या तुकडीच्या स्टुडिओला जागा नवी शोधू नये, नटवर पारेख घ्यावी. तिथले बोळ आता रुंद करता येत नाहीत, म्हणून सोपी उत्तरं आपोआप बाद होतात. कोणत्या इमारती काढल्या तर उरलेल्यांपैकी जास्तीत जास्त खिडक्यांना साडेत्रेसष्ट अंश मिळतील? काढलेल्या इमारतीतली कुटुंबं त्याच पट्ट्यात, चालत जाण्याच्या अंतरात, कुठे बसतील, आणि आधी कोण हलेल? तळमजल्यावरची घरं रिकामी करून तिथे दवाखाना, अभ्यासिका, दुकानं आली तर वरच्या घरांना काय मिळेल? कचरा वरून बोळात पडतो, मग कचऱ्याची जागा प्रत्येक मजल्यावर जिन्याशेजारी किती चौरस फुटांची हवी? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 1:50 वर काढावं लागेल, पहिल्याचं 1:500 वर, आणि दुसऱ्याचं 1:5000 च्या नकाशावर मोकळे भूखंड शोधत.